जीवा आणि जवाएवढी फट

सुंदराला जाऊन आता सात महिने झाले. बाई गेली आणि तिच्या मागं घरातला आवाज गेला. भांडं आपटत नाही, कोंबड्यांना कुणी शिव्या घालत नाही, मी खोकलो तर "पाणी प्या की" म्हणून कुणी आतून ओरडत नाही. घर असं मुकं झालं की जुने आवाज वर येतात. मला सध्या सारखा वाकस ऐकू येतो. वाकस म्हणजे आम्हा सुतारांचं लाकूड तासायचं हत्यार. आबा, म्हणजे माझे वडील, अंगणातल्या छपरीत बसून तो बाभळीवर चालवायचे. ओल्या बाभळीवर त्याचा आवाज वेगळा, वाळलेल्या बाभळीवर वेगळा, आत कीड असली तर आणखी वेगळा. आबा डोळे मिटून सांगायचे, टाकून द्या, आत पोकळ आहे. तिकडं चुलीपाशी माय भाकरी थापायची. तिची थाप आणि आबांचा वाकस कधी कधी एकाच ठेक्यात पडायचे. मग माय मुद्दाम हात थांबवायची आणि म्हणायची, "घ्या, आता तुमचं तुमीच वाजवा."

आमचं गाव भूमपासून पायी दोन तासांवर, डोंगराच्या खालच्या अंगाला. पाऊस बेताचा, बाभळी मात्र बक्कळ. आबांचं नाव होतं ते बैलगाडीच्या चाकासाठी. आता रबरी टायर आले, पोरांना लाकडी चाक म्हणजे हॉटेलाच्या दारात रंगवून उभं केलेलं माहीत, म्हणून सांगतो. मधे तुंबा. तुंब्यात ठोकलेले बारा आरे. आऱ्यांच्या टोकांवर बसवलेले सहा वाकडे तुकडे, ते पुठ्ठे. सहा पुठ्ठे गोलात लागले की चाकाचा काठ झाला. त्यावर लोहार लोखंडाची धाव लाल तापवून चढवतो आणि पाणी ओततो. धाव थंड होताना आवळते आणि सगळं चाक आत दाबून धरते. हे झालं की आबा लाकडी मोगरी घेऊन एकेक आरा वाजवायचे. चांगलं चाक टणटणीत बोलतं, देवळातल्या घंटेसारखं नाही पण त्याच जातीचं. आबा "बोललं" म्हणायचे आणि मगच हात धुवायला उठायचे. त्या दिवशी घरात हुलग्याची शेंगोळी व्हायची, लसूण ठेचून घातलेली, नाकातनं पाणी काढणारी. मला चाकाचं कौतुक शेंगोळीमुळं जास्त होतं, हे आधीच सांगून टाकतो.

घाट चढून गेलं की वर एक वाडी होती. तिथं केरबामामा राहायचा, मायचा धाकटा भाऊ. जातीचा सुतार, पण वाकस कधी धरला नाही. थोडी जमीन, एक गाडी आणि एक वीणा, एवढा त्याचा संसार. शिवाय मामी आणि सुंदरा नावाची एक पोरगी. वाडीच्या भजनात वीणा कायम मामाच्या गळ्यात. दर दोन-तीन महिन्यांनी तो ती काखेत मारून आमच्याकडं यायचा, कारण तिचा आवाज बसायचा आणि आबांशिवाय कुणाच्यानं तो उघडायचा नाही.

"दाजी, हिचा घसा बसलाय बघा."

"तू भजनात वरडतूस, तिला लाज वाटली आसंल."

"मी वरडतो व्हय? आक्का, ऐकलंस का तुझ्या नवऱ्याचं?"

माय आतनं म्हणायची, "खरंच बोलत्यात."

आबा वीणा मांडीवर घ्यायचे. वीणेच्या भोपळ्यावर एक पट्टी असते, तिला घोडी म्हणतात. तारा तिच्यावरून जातात. तार आणि घोडी यांच्यामधे आबा एक बारीक सुती दोरा सरकवायचे. केसभर पुढं, केसभर मागं. तार छेडायची, ऐकायचं, परत सरकवायचा. त्यात कधी कधी अख्खी दुपार जायची. मामा तंबाखू मळत बसायचा. मग कधीतरी दोरा बरोबर जागेला लागायचा आणि मेलेली तार एकदम उघडायची, मोहळ घोंगावावं तसा आवाज छपरीभर व्हायचा. मामाचे डोळे भरायचे. रडका माणूस होता. त्या दोऱ्याला जीवा म्हणतात.

"तार घोडीवर सपाट बसली की मेली," आबा म्हणायचे. "तिला केसाएवढी जागा द्यावी लागती. गच्च बसल्याल्यात आवाज ऱ्हात न्हाय."

हे मी वीस वेळा ऐकलं असेल. गूळ-शेंगदाणे खात ऐकलं. माझ्या शिकण्याची तऱ्हा तेव्हाही हीच होती. कानात जायचं आणि तिथंच राहायचं.

सातवीला होतो. वयानं मोठा, कारण मधे दोन वर्षं शाळा बुडली होती. गणिताला बाहेरगावचे गुरुजी होते, एस.टी.नं यायचे, धोतराला खडू पुसायचे. एकदा त्यांनी दोरी आणि खडूनं फळ्यावर मोठं वर्तुळ काढलं, त्याच्या काठावर दोन ठिपके दिले, ते सरळ रेषेनं जोडले आणि म्हणाले, "ही जीवा." मी उभा राहिलो. कधी नव्हे ते वर्गात मला काहीतरी माहीत होतं.

"गुरुजी, जीवा वीणेला आसती. दोरा आसतो त्यो."

पोरं फुटली. मागनं एक जण म्हणाला, "सुताराचं हाय, भोपळा बी घिऊन येईल उद्या." गुरुजी मात्र हसले नाहीत. त्यांनी फळ्यावर त्या रेषेच्या वरचा वाकडा भाग गडद केला आणि विचारलं, "हे काय दिसतं?" कुणी विळा म्हणालं, कुणी चंद्र. गुरुजी म्हणाले, "धनुष्य. धनुष्याला जी दोरी बांधतात तिचं जुनं नाव जीवा. ज्यानं पहिल्यांदा वर्तुळ मोजायला घेतलं त्याला त्यात धनुष्य दिसलं, म्हणून त्या सरळ रेषेला दोरीचं नाव दिलं."

"आन् वीणेची?"

"ताणलेली दोरी ओढून सोडली की वाजतेच रे. कुणा शिकाऱ्याच्या कानात तो आवाज राहिला असेल, तारेची वाद्यं त्यातनंच निघाली असं म्हणतात. पण तुमच्या त्या दोऱ्याला हे नाव कसं पडलं ते मला नक्की सांगता येणार नाही. वडिलांना विचार. ते हातानं करतात, त्यांना ठाऊक असेल."

घरी येऊन विचारलं. आबा करवतीला धार लावत होते. वरही न बघता म्हणाले, "धनुष्य म्या बघितलं न्हाय. त्या दोऱ्यानं तारंत जीव येतो म्हून जीवा. तुझ्या गुर्जीला म्हणावं, दोरा काढून वाजवून बघा." मला हे फार किरकोळ वाटलं. गुरुजींनी केवढी शिकारी-धनुष्याची गोष्ट सांगितली आणि आपला बाप एका ओळीत मोकळा. आता या वयात मला आबांचंच जास्त पटतं. तेव्हा माझ्या मनात बाप एक पायरी खाली उतरला, आणि पुढचं सगळं त्या एका पायरीनं झालं.

कारण पुढच्याच आठवड्यात गुरुजींनी दाखवलं की वर्तुळाच्या मध्यापासून काठापर्यंत जेवढं अंतर, तेवढ्याच लांबीची जीवा घेतली तर ती गोलात बरोबर सहा वेळा बसते. केसभर कमी नाही, केसभर जास्त नाही. माझ्या डोक्यात लख्ख झालं. सहा वेळा! सहा पुठ्ठे! मी गुरुजींना सांगितलं तर त्यांनी पाठीवर हात ठेवला, "तुझे वडील न शिकता भूमिती करतात की रे." घरी पळत आलो. छपरीत खुंटीला आज्ज्याच्या हातचा फर्मा टांगलेला असायचा. फर्मा म्हणजे सागाची पातळ फळी, पुठ्ठ्याच्या आकाराची. ती लाकडावर ठेवून रेघ मारायची आणि पुठ्ठा कापायचा. मी दोरी घेऊन मापलं. फर्मा जवाच्या दाण्याएवढा कमी भरला. परत मापलं. कमीच. दोन पिढ्यांच्या हातानं टोकं झिजली असणार, असं मी ठरवून टाकलं. आबांना विचारलं नाही. ज्याला आपल्यापेक्षा कमी कळतं त्याला काय विचारायचं?

त्या उन्हाळ्याच्या तोंडाला मामानं घर बांधायला काढलं. डोंगरावरच्या खाणीतनं दगड आणायचा होता आणि त्याच्या गाडीचं उजवं चाक गेलेलं. आबांनी नव्या चाकाचा तुंबा केला, बारा आरे केले, आणि हिवताप भरला. भर दुपारी दोन गोधड्यांत आबा थडथड उडायचे. कोयनेलच्या गोळ्या चालू होत्या, त्यानं तोंड कडू आणि कानात दडे. मामा येऊन बसला, पाय चेपून दिले, म्हणाला, "दाजी, सावकाश हुंद्या. दगूड कुठं पळून जात न्हाय." त्याची कसली घाई नव्हती. घाई मला होती. तो गेल्यावर मी म्हणालो, "पुठ्ठे मी कापतो." माय म्हणाली, "कापू द्या की. त्याला जमतंय आता."

मी नवा फर्मा केला. गुरुजींच्या जीवेच्या मापाचा, बरोबर, केसभर कमी नाही. त्यावर सहा पुठ्ठे कापले आणि आऱ्यांवर बसवले. सांधे असे भिडले की ज्वारीच्या धाटाची साल आत जाईना. आयुष्यात परत इतकं स्वच्छ काम माझ्या हातनं झालं नाही. आबांनी अंथरुणातनं विचारलं, "आज्ज्याच्या फर्म्यानं कापल्यास न्हवं?"

"व्हय."

"फट हाय?"

"हाय."

आबांनी डोळे मिटले. मला खोटं बोलताना त्यांनी कधी धरलं नव्हतं, कारण तोवर मी त्यांच्याशी खोटं बोललोच नव्हतो. चाक धावेसकट उभं राहिलं, गावानं वाखाणलं, की मग सांगायचं, असं माझं चाललं होतं. जुना फर्मा झिजलाय हे मी शोधलं, असं.

लोहार आला. गोवऱ्यांच्या जाळात धाव तापली, चौघांनी सांडशीनं उचलून चाकावर टाकली, लाकडाचा धूर निघाला, आम्ही घागरी ओतल्या. तो चर्र आवाज आणि जळक्या बाभळीचा वास मला अजून आवडतो, लाज वाटते पण आवडतो. लोहार वाकून बघत म्हणाला, "पुठ्ठे काय चिकटल्यात रं, सांधा दिसंना." मी फुगलो. आबा गोधडी पांघरून भिंत धरत बाहेर आले. "वाजव," म्हणाले. "माझ्या कानात रातकिडं वरडाय लागल्यात, मला काय ऐकू यीना. तू ऐक आन् सांग."

मी मोगरी उचलली. पहिला आरा बद्द वाजला. दुसरा बद्द. चिरलेल्या मडक्यावर टिचकी मारावी तसे बाराच्या बारा. मला कळलं नाही असं म्हणायची सोय नाही. मी त्या छपरीत जन्मलो होतो, चाक कसं बोलतं ते मला भाकरीच्या चवीएवढं ठाऊक होतं. लाकूड ओलं आहे, वाळलं की बोलेल, असं मी मनाला सांगितलं.

"बोलतंय का?"

"बोलतंय, आबा."

मायनं शेंगोळी केली. मी तीनदा घेतली.

पुढं ऊन चढत गेलं, लाकूड वाळत गेलं. भूमच्या बाजारात मामा भेटला. बैलांना वैरण टाकत होता, मला बघून हसला, "भाच्या, तुझं चाक करकरतंय रं. सासूवानी बोलतंय." मी म्हणालो, "वंगण घाला, मामा." त्यानं मान हलवली आणि मला खव्याचा पेढा घेऊन दिला. तो पेढा मी खाल्ला.

एक दिवस सकाळच्या पारी वाडीचा माणूस पळत आला. छपरीपाशी उभा राहिला, धापा टाकत होता, आणि मायकडं न बघता आबांशी बोलला, तेव्हाच कळलं. दगडानं भरलेली गाडी घाट उतरत होती. मामा बैलांच्या उजव्या अंगाला कासरा धरून चालत होता. सुंदरा, तेव्हा नऊ वर्षांची, वर दगडांवर बसलेली. उतारात चाक बसलं. आरे तुंब्यातनं निघून छत्रीच्या काड्यांसारखे फाकले, गाडी कलंडली, सगळा दगड मामावर. सुंदरा घाणेरीच्या झुडपात फेकली गेली. तिचा डावा हात कोपरात मोडला. वैदूनं बांधला, तो वाकडाच सांधला आणि जन्मभर वाकडा राहिला.

आम्ही पोचलो तोवर मामाला लिंबाखाली निजवून वर धोतर टाकलं होतं. माय ओरडली नाही. भावाच्या पायाशी बसली आणि पदरानं त्याच्या तळव्यांची धूळ पुसत राहिली, एक पाय झाला की दुसरा, परत पहिला. मामी कुठं होती ते मला आठवत नाही. आबा, अजून अशक्त, काठी टेकत चाकापाशी गेले. लोक बाजूला झाले. त्यांनी दोन पुठ्ठे उचलले. टोकं एकमेकांवर घासून आरशासारखी गुळगुळीत झाली होती. आबांनी एक टोक दुसऱ्याला लावून बघितलं. नीट बसलं.

"फट न्हाय," ते हळू म्हणाले.

त्या घडीला मला समजलं. आज्ज्याचा फर्मा झिजलेला नव्हता. त्यानं तो जाणूनच जवाएवढा कमी केला होता. पुठ्ठ्यापुठ्ठ्यात बारीक फट ठेवायची, मग धाव आवळताना ती फट मिटते, आणि मिटता मिटता प्रत्येक आरा तुंब्यात घट्ट दाबला जातो. माझे पुठ्ठे आधीच एकमेकांना भिडलेले. धावेचा सगळा जोर त्यांनी आपसातच खाल्ला आणि आरे नुसते उभे राहिले. ओल होती तोवर धरून होते. उन्हानं वाळले तसे दुधाच्या दातासारखे हलायला लागले. गच्च बसल्याल्यात आवाज राहत नाही, हे आबांनी मला वीणा मांडीवर घेऊन वीस वेळा सांगितलं होतं.

मामीच्या भावानं विचारलं, "चाक कुनी केलं?"

लोहार जमिनीकडं बघायला लागला. मी मायच्या मागं उभा होतो. आबांनी माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही, मोगरीचा एक ठोका पडतो तेवढाच.

"चाक माझं," आबा म्हणाले. "पुठ्ठे बी म्याच कापले. अंगात ताप हुता, फट ऱ्हायली न्हाय."

मायनं मान वर करून त्यांच्याकडं बघितलं. तिला माहीत होतं पुठ्ठे कुणी कापले ते. ती परत भावाचे तळवे पुसायला लागली. भाऊ गेला होता, पोरगा घालवायचा नव्हता. मामीचा भाऊ आबांच्या अंगावर धावून गेला, कुणीतरी आवरलं, तरी आबांच्या तोंडावर एक हात बसलाच. मी बघितला. पुढं झालो नाही.

घरी आल्यावर आबांनी आढ्याला खोचलेला माझा फर्मा काढला आणि पाण्याच्या हंड्याखाली घातला. तो जळेपर्यंत उकिडवे बसून राहिले. मग म्हणाले, "तू व्हय म्हणला हुतास." बस. जन्मात या विषयावर आबा माझ्याशी एवढंच बोलले. त्यानंतर त्यांनी चाक केलं नाही. जू केलं, नांगराचं रुमणं केलं, चौकटी केल्या, चाक नाही. मी शाळेत गेलो नाही. गुरुजी एकदा घरी येऊन गेले, मी बाभळीच्या मागं लपलो. वाकस हातात घेतला आणि पुढं रबरी टायर येईपर्यंत चाकंच केली, आज्ज्याच्या फर्म्यानं, जवाएवढी फट ठेवून. एकही मोडलं नाही. लोक म्हणायचे, बापापेक्षा पोरगा हुशार.

सुंदरा मोठी झाली. वाकड्या हाताच्या पोरीला स्थळ येईना. मायनं हट्ट धरला की भावाची लेक माझ्याच घरात येईल. आमच्यात मामाची मुलगी करायची रीतच आहे. मामी म्हणाली, "ज्यानं माझं कुकू पुसलं त्याच्या दारात पोर धाडू?" पण धाडली. लग्नात सुंदरानं एकच वस्तू मागून आणली, बापाची वीणा. ती आमच्या भिंतीला टांगली. तारेखालचा दोरा तोवर कुजून गळाला होता, आवाज मेला होता. आबांच्या हातनं ती एका दुपारी उघडली असती. सुंदरानं ती त्यांच्या हातात कधी दिली नाही, आणि त्यांनी मागितली नाही.

बाई वाईट नव्हती, हे मला ठासून लिहायचं आहे. सासूचे पाय चेपले, नणंदांची बाळंतपणं केली, माझ्यासारख्या माणसाला जीव लावला. पण आबांशी ती एकोणीस वर्षं एक शब्द बोलली नाही. मामंजी म्हणून हाक मारली नाही. जेवायच्या वेळी तो वाकडा हात लांब करून ताट ठेवायची आणि लगेच पाठ फिरवायची. मीठ कमी असलं तरी आबा मागायचे नाहीत, तसंच खायचे. आमचा थोरला झाला तेव्हा आबांनी सागाचा पाळणा केला, महिनाभर खपून, कडेला राघू कोरून. सुंदरानं लुगड्याची झोळी बांधली आणि पोराला त्यात घातलं. पाळण्यात मिरच्या वाळत पडल्या. आबा येता-जाता त्या मिरच्यांकडं बघायचे. मी पण बघायचो. रोज वाटायचं, आज सांगू.

एकदा सांगायला गेलो होतो. ती सुपात ज्वारी पाखडत होती. म्हणालो, "सुंदरा, आईक की. त्या चाकाचं..."

"नगा," ती म्हणाली. सूप थांबलं नाही. "त्या चाकाचं नाव काढू नगा. रोज भाकरी वाढती त्यास्नी, तेवढंच जमतं मला. त्याच्याम्होरं न्हाय जमत."

मी उठलो आणि छपरीत गेलो. मला बरं वाटलं. ते खोटं नाही लिहिणार. सुटलो असं वाटलं.

आबा गेले तेव्हा तिनं त्यांच्या तोंडात पाणी घातलं, तोंड दुसरीकडं करून. मग माय गेली, लोहार तर त्याआधीच गेला होता. खरं काय ते जाणणारा मी एकटा उरलो आणि मला वाटलं, आता कसली भीती नाही.

मागच्या वर्षी सुंदराच्या पोटात दुखायला लागलं ते थांबेना. धाराशिवला दवाखान्यात ठेवली. शेवटच्या आठवड्यात तिला जेवण जाईना, पण बोलायची. एका दुपारी शेजारच्या खाटेवरची बाई डबा खात होती, सुंदरा तिच्या ताटाकडं बघत म्हणाली, "अवं, मामंजींस्नी मी कधी इचारलं न्हाय, आणखी काय वाढू म्हून."

मी तिच्या अंगावरची चादर सारखी केली.

"चूक काय, कुनाच्या बी हातनं होती. ताप हुता त्यास्नी. बोलाय पायजे हुतं मी. आता वर गेल्यावर त्यांच्याम्होरं कसं उभारू?"

तिचा वाकडा हात माझ्या हातात होता. कोपरातलं ते हाड, जिथं वैदूनं चुकीचं सांधलं होतं, माझ्या अंगठ्याखाली. मी म्हणायला पाहिजे होतं की ज्याला तू एकोणीस वर्षं शब्दाला उपाशी ठेवलंस त्यानं काही केलं नव्हतं, आणि ज्याला पोटभर वाढलंस तो हा. मग वाटलं, मरायला टेकलेल्या बाईला हे सांगून काय देणार मी तिला? तेव्हाही मी स्वतःलाच वाचवत होतो की तिला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी म्हणालो, "पाणी घे." चौथ्या दिवशी ती गेली, अपराधी म्हणून गेली. तो अपराध माझा होता.

आमची नात धाराशिवला कॉलेजात आहे, गणित घेतलंय. आजीच्या तेराव्याला आली तेव्हा भिंतीवरच्या वीणेची धूळ पुसत बसली. रिकाम्या घोडीवरनं बोट फिरवत म्हणाली, "इथं काहीतरी असतं ना, आजोबा?" मी म्हणालो, जीवा. ती चमकली. मग तिनं सांगितलं की तो शब्द लई लांब फिरून आलाय. आपल्याकडनं तो अरबांच्या मुलखात गेला, तिथं लिहिलेला तो कुणीतरी 'कूस' असा भलताच वाचला, आणि तो चुकलेला अर्थच पुढं गोऱ्यांनी आपल्या भाषेत घेतला. आता कॉलेजात ती तोच शब्द साइन म्हणून शिकते. "एकानं चुकीचं वाचलं आणि कुणी दुरुस्त केलंच नाही, आजोबा," ती हसत म्हणाली. तिला ही गंमत वाटत होती. मी उठून बाहेर गेलो.

जाताना तिनं मला ही वही दिली. "लहानपणचं लिहा, आजीचं लिहा. मला ठेवायचंय." तिला वाटतं मी शेंगोळीचं आणि भजनाचं लिहीन. तेही लिहिलंय. उद्या ती एस.टी.नं येणार आहे. आली की वही तिच्या हातात देणार, आणि वाचून होईस्तोवर छपरीत बसणार. आजीच्या कुशीत वाढलेली पोर आहे. वाचून झालं तरी ती चूल पेटवील, कारण कुणाला उपाशी ठेवायचं तिला आजीनं शिकवलेलं नाही. माझ्यापुढं ताट ठेवून तिनं न बोलता पाठ फिरवली तर फिरवू दे. मीठ कमी असलं तरी मी मागणार नाही.